दीडशे पावलांवर

आमच्या वडीला दवाखान्याचा रस्ता पाठ आहे. फाटकातून बाहेर पडायचं, डावीकडे वळायचं, फरसाणवाल्यासमोर थोडं रेंगाळायचं, गिरणीपाशी पुन्हा डावीकडे, की शटरवर कुत्रा आणि मांजर रंगवलेला गाळा येतो. मी एकदा पावलं मोजली होती. दीडशेच्या आसपास भरली.

वडी म्हणजे आमची कुत्री. २०१६ च्या जूनमध्ये, पहिल्या मोठ्या पावसात, ताईनं तिला ओट्यावरून उचलून घरात आणलं. मुठीएवढं पिल्लू ते, पण बाबांच्या ताटलीतली बाकरवडी पळवून खाटेखाली जाऊन बसलं. नाव तिथंच ठरलं. दवाखान्यातल्या डॉक्टरबेन गुजराती. वडी दारात दिसली की त्या म्हणतात, "वडी अदालत आवी गई! बधा ऊभा थई जाओ." बडोद्यात वाढलेल्यांना हा विनोद समजावून सांगायला नको. बाकीच्या गावांतल्या वाचकांसाठी सांगते, गुजरातीत हायकोर्टाला 'वडी अदालत' म्हणतात.

यंदा मंडळाच्या कोजागिरीला दोन-तीन भावंडांनी मला गाठून विचारलं, "कुत्रा पाळायचाय, खर्च किती येतो गं?" मी आकडे सांगितले. घरी आल्यावर वाटलं, आकडे बरोबर होते पण उत्तर अर्धंच दिलं. उरलेलं अर्धं इथं लिहिते.

त्यासाठी आधी टिप्याबद्दल सांगायला हवं.

२००४ साली मी सातवीत होते. दांडियाबाजारच्या मागच्या गल्लीत आमचं जुनं घर, तेच आजही आहे. टिप्या जेमतेम तीन महिन्यांचा होता. त्याला एकही लस दिलेली नव्हती. कुत्रा आणि इंजेक्शन यांचा संबंध आमच्या डोक्यात एकच होता: कुत्रा चावला तर माणसाला पोटात घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शनं. कुत्र्यालाही लसी असतात हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

एका शनिवारी टिप्यानं खाणं सोडलं. मग उलट्या. आजीनं दहीभात कालवून पुढे ठेवला, तो हुंगून त्यानं तोंड फिरवलं. मग जिऱ्याचं पाणी झालं. रविवारी संध्याकाळी रक्ताचे जुलाब सुरू झाले. तो वास मला अजून आठवतो. आम्हाला माहीत असलेले जनावरांचे डॉक्टर नदीपलीकडे, गोत्रीच्या बाजूला, सहा-सात किलोमीटरवर. दोन रिक्षावाल्यांनी टिप्याकडे बघून मान हलवली आणि निघून गेले. बाबा फोन करायला आत गेले. बाहेर येऊन म्हणाले, "डॉक्टर नाहीत आज. सकाळी बघू."

सकाळी दूधवाला येण्याआधी टिप्या गेला. बाबा त्याला पोत्यात गुंडाळून सायकलवर घेऊन गेले. कुठं पुरला ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आजी म्हणाली, "मुकं जनावर ते, तेवढंच आयुष्य घेऊन आलं होतं." त्यानंतर बारा वर्षं आमच्या घरात कुत्रा आला नाही.

वडी आली तेव्हा ताई नोकरीला लागलेली होती. तिनं कुणाचं काही ऐकून न घेता वडीला पिशवीत घालून, पिशवी स्कूटरच्या पुढे पायांत ठेवून, नदीपलीकडे नेऊन सगळ्या लसी केल्या. पण लसीपुरतंच. कान खाजवते, गोचिड्या झाल्यात, पाय जरा आखडून टाकते, असल्या गोष्टींसाठी "एवढ्या लांब कोण जाणार" म्हणून कधी खोबरेल, कधी कडुलिंबाचा पाला असं चालायचं. कधी बरं व्हायचं, कधी वाढायचं. वाढलं की मग जायचं.

२०१८ साली गिरणीजवळ हा दवाखाना निघाला. दोन खोल्या. बाहेर एक बाक आणि वजनकाटा. आत स्टीलचं टेबल, जनावर घसरू नये म्हणून त्यावर रबराची चटई. कोपऱ्यात छोटा फ्रीज, फक्त लसींसाठी. लसी दोन ते आठ अंशांत ठेवाव्या लागतात, म्हणून फ्रीजला दोऱ्यानं वही बांधलेली, तिच्यात सकाळ-संध्याकाळचं तापमान लिहिलेलं. डॉक्टरबेन आणंदच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या. पदवीचा आणि नोंदणीचा कागद भिंतीवर लावलेला.

आणि त्याच्याच शेजारी दरांचा बोर्ड. तपासणी, रेबीजची लस, नखं कापणं, ड्रेसिंग, प्रत्येकाचा आकडा. तपासणीचे तेव्हा १५० रुपये होते, आता २०० झालेत.

मला विचाराल तर त्या दवाखान्यातली सगळ्यात कामाची वस्तू तो बोर्ड आहे. आपल्यासारख्या घरांत दुखण्याच्या वेळी पैसे विचारायची लाज वाटते. जनावर तळमळतंय आणि आपण "किती होतील?" म्हणतोय, हे बरं दिसत नाही. न विचारावं तर पोटात गोळा. त्या संकोचात आपण घरीच थांबतो. बोर्डावर आकडा लिहिलेला असला की विचारावं लागत नाही. माणूस सरळ आत जातो.

बाकावर नाना तऱ्हेची माणसं भेटतात. मांजराला उशीच्या अभ्र्यात घालून आणणाऱ्या एक मावशी. बकरीच्या खुराला ड्रेसिंग करून घ्यायला येणारा शेजारच्या मोहल्ल्यातला मुलगा. उत्तरायणाच्या दिवसांत तर पक्ष्यांची रीघ लागते. मांज्यानं पंख कापलेलं कबूतर खोक्यात घालून मुलं धावत येतात. डॉक्टरबेन पक्ष्यांचे पैसे घेत नाहीत. जखम बांधून झाली की त्या मुलांना बजावतात, पुढच्या वेळी असा पक्षी दिसला तर १९६२ ला फोन करा. करुणा अभियानाची गाडी येते, तुम्हाला पळावं लागणार नाही.

आमच्या घरानं या दवाखान्याचा उपयोग सुरुवातीला अगदी किरकोळ गोष्टींसाठी केला. कान दाखवला, तर आत बुरशी निघाली. आठवडाभर थेंब घातले आणि दोन वर्षांची खाज गेली. एकदा वडी लंगडायला लागली तेव्हा बाबा आपल्या गुडघेदुखीची अर्धी गोळी तिला पोळीत घालून देणार होते. "जाता जाता विचारून येतो" म्हणून गेले आणि गोळी खिशात तशीच घेऊन परत आले. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होऊन रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरू शकते. आमच्या घरात हे कुणाला माहीत नव्हतं. दवाखाना गोत्रीला असता तर बाबा ते विचारायला गेले असते का? नसतेच गेले.

टिप्याच्या दुखण्याचं नावही तिथंच कळलं. लक्षणं ऐकून डॉक्टरबेन म्हणाल्या, "पार्वो हतो." तो विषाणू लस न घेतलेल्या पिल्लांच्या आतड्यांवर घाला घालतो. त्यावर थेट औषध नाही. सलाइन आणि उलट्या थांबवणारी इंजेक्शनं देऊन पिल्लाला तगवायचं, तेवढ्यात त्याचं शरीर लढून वर येतं. त्यामुळे एकेका दिवसाला किंमत असते. लस मात्र आहे. सहा ते आठ आठवड्यांचं पिल्लू झालं की पहिली, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत. शनिवार ते सोमवार मी मनातल्या मनात पुन्हा मोजले.

एक गोष्ट मात्र आम्ही ऐकली नाही. वडीचं गर्भाशय काढून टाकायचं ऑपरेशन करून घ्या, असं डॉक्टरबेननी तीनदा सांगितलं होतं. तेव्हा साडेचार हजार खर्च होता. आजी म्हणायची, "एकदा आई होऊ दे बिचारीला." एकदा पिल्लं झाली की कुत्रीची तब्येत चांगली राहते, या समजुतीला वैद्यकीय आधार नाही, हे डॉक्टरबेननी आजीला घरी चहाला आल्या असताना समजावलं. आजीनं ऐकून घेतलं आणि मग स्वतःच्या गुडघ्यांना कोणतं तेल चांगलं ते विचारलं. आम्हीही "बघू, दिवाळीनंतर" करत राहिलो. वडी सात वर्षांची झाली.

२०२३ च्या नवरात्राआधीचा आठवडा. आई आणि मी वडीची नखं कापायला घेऊन गेलो होतो. शंभर रुपयांचं काम. डॉक्टरबेन पंजा हातात धरून नखं कापत होत्या आणि आई आपली नेहमीसारखी बोलत होती. बोलता बोलता म्हणाली, "या बाईसाहेबांचं पाण्याचं भांडं हल्ली दिवसातून चारदा भरते मी. ऑक्टोबरचा उकाडा, दुसरं काय."

डॉक्टरबेनचा हात थांबला. "केटला दिवसथी?"

"झाले आठ-दहा दिवस."

"अने छेल्ले हीटमां क्यारे आवी'ती?"

आईनं आठवून सांगितलं, गणपतीच्या थोडं आधी. म्हणजे पाचेक आठवडे झाले होते. डॉक्टरबेननी नखांची कात्री बाजूला ठेवली, थर्मामीटर लावला, पोट हलक्या हातानं चाचपलं. जेवण? दोन दिवस अर्धंच टाकते, पण ते तर कंटाळा आला की ती नेहमीच करते. डॉक्टरबेननी चिठ्ठी लिहिली आणि म्हणाल्या, आत्ता जाऊन सोनोग्राफी करून या. उद्या नाही, आत्ता.

गर्भाशयात पू भरला होता. या दुखण्याला पायोमेट्रा म्हणतात. गर्भाशय न काढलेल्या, वयानं मोठ्या कुत्र्यांमध्ये माजावर येऊन गेल्यानंतरच्या काही आठवड्यांत ते पुष्कळदा दिसतं. गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर घाण बाहेर येते आणि घरच्यांना निदान कळतं तरी. वडीचं तोंड बंद होतं. बाहेर एक थेंब नाही, आत सगळं साठत चाललेलं. अशा वेळी विष रक्तात पसरतं, किंवा गर्भाशय फुटतं. खूप पाणी पिणं हे त्याचं एक लक्षण. आणि ते लक्षण आम्ही ऑक्टोबरच्या उकाड्यावर ढकलून मोकळे झालो होतो.

डॉक्टरबेननी बाबांना बोलावून घेतलं आणि सगळं कागदावर मांडलं. सोनोग्राफीचे १,००० झाले होते. रक्ताची तपासणी ९००, ऑपरेशन ९,०००, औषधं १,१००. एकूण १२,०००. "आणंदला कॉलेजच्या दवाखान्यात कमी लागेल," त्या म्हणाल्या, "जायचं असेल तर मी फोन करून ठेवते, पण आजच निघा. इथं करायचं असेल तर संध्याकाळी सात वाजता घेते. अर्धे आज द्या, बाकीचे दोन महिन्यांत." बाबांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "इथंच करा."

सात वाजता वडीला आत घेतलं. ताई पुण्याहून दर दहा मिनिटांनी फोन करत होती. आई घरी आजीजवळ. बाहेरच्या बाकावर बाबा आणि मी. समोरच्या मैदानात गरब्याच्या मांडवाचे बांबू ठोकणं चाललं होतं.

बराच वेळ गेल्यावर बाबा म्हणाले, "टिप्याच्या वेळी डॉक्टर होते."

मला आधी कळलंच नाही.

"मी फोन केला ना, तो त्यांनी उचलला होता. घेऊन या म्हणाले. मी विचारलं, किती लागतील. चार-पाच दिवस सलाइन, अडीच-तीन हजार धरा म्हणाले, आणि वाचेलच असं नाही. ताईच्या बारावीच्या क्लासची फी त्याच आठवड्यात भरायची होती." ते आतल्या बंद दाराकडे बघत होते. "तुम्हा दोघींना कसं सांगणार? म्हणून म्हटलं, डॉक्टर नाहीत."

एकोणीस वर्षं ते हे एकट्यानं घेऊन बसले होते. लहानपणी कळलं असतं तर मी बाबांशी कित्येक दिवस बोलले नसते. त्या दिवशी राग आला नाही. मी नोकरी करते, घराचे हप्ते मला कळतात. रात्री नऊ वाजता, रिक्षा मिळत नसताना, वाचण्याची खात्री नसताना, तीन हजारांचा निर्णय एका माणसानं फोनवर उभ्या उभ्या घ्यायचा होता. मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

"लस तेव्हाही होती," बाबा थोड्या वेळानं म्हणाले. "आपल्याला कुणी सांगितलं नाही, आणि आपण विचारायला गेलो नाही. तीन हजारांचा प्रश्न आलाच नसता."

साडेआठला डॉक्टरबेन बाहेर आल्या. काढलेलं गर्भाशय सव्वा किलोचं भरलं होतं. सगळी वडी अठरा किलोंची. अजून दोन-तीन दिवस गेले असते तर, एवढंच म्हणून त्यांनी हात धुतले. वडी दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आली. त्यानंतर पाच दिवस रोज इंजेक्शन आणि ड्रेसिंग. दीडशे पावलं जायचं, दीडशे यायचं. बाबाच न्यायचे. जाताना पट्टा सैल धरून, तिच्या चालीनं.

कोजागिरीच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर ते हे. आमच्याकडे वडीचा खाण्याखेरीजचा खर्च, म्हणजे वार्षिक लसी, जंताचं औषध, गोचिड्यांचं औषध आणि अधूनमधूनची तपासणी, वर्षाला साधारण पाच हजारांच्या आत बसतो. एखाद्या वर्षी बारा हजारांचा दणका बसतो. पण कुत्रा घ्यायचा की नाही हे ठरवताना नुसता आकडा बघू नका. पिल्लू बघायला जाण्याआधी दवाखाना बघून या. घरापासून चालत किंवा स्कूटरनं किती लांब आहे, डॉक्टर नोंदणीकृत आहेत का, दर आधी सांगतात का, रात्री अडलं तर कुठं जायचं हे सांगतात का. जवळ खाजगी दवाखाना नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना कुठं आहे आणि किती वाजता उघडतो ते बघून ठेवा. तिथं अगदी थोड्या पैशांत काम होतं. फक्त वेळेवर पोचावं लागतं.

जवळच्या दवाखान्यात सगळं होतं असंही समजू नका. आमच्या डॉक्टरबेनकडे एक्स-रे नाही. नऊनंतर शटर बंद. शेजाऱ्यांच्या कुत्र्याचा पाय मोडला तेव्हा त्यांनी आधाराची पट्टी बांधून आणंदला पाठवलं. पण आधाराची पट्टी बांधून, फोन करून पाठवलं, आणि पाय जुळला. कुठली गोष्ट आपल्याकडे होणार नाही हे वेळेत सांगणारा डॉक्टर जवळ असणं, ही सोय लहान नाही.

दवाखाना लांब आणि खर्चाचा अंदाज नसला की आपण दुखणं मोठं होण्याची वाट बघतो. जाण्याइतकं झालंय का, हे ठरवत बसतो. जवळ असला की नखं कापायला जातो, आणि पाण्याच्या भांड्याची गोष्ट सहज बोलून जातो. वडी त्या सहज बोलण्यावर वाचली. ती तीनदा सांगितलेलं ऑपरेशन वेळेवर केलं असतं तर तीही वेळ आली नसती, हेही इथं लिहून ठेवते. तुमच्याकडे कुत्री असेल तर दिवाळीनंतर बघू म्हणू नका.

वडी आता तोंडावर पांढरी झाली आहे. गेल्या महिन्यात तिच्या लसीला गेलो, तर बाकावर पलीकडच्या गल्लीतला एक मुलगा बसला होता, सहावी-सातवीतला असेल. शर्टाच्या आत रस्त्यावरचं पिल्लू. मुठीत चुरगळलेल्या दहा-वीसच्या नोटा. तो बोर्डाकडे बघून पुन्हा पुन्हा पैसे मोजत होता. बाबा त्याच्या शेजारी जाऊन बसले. म्हणाले, "पहिली लस ना? मग कार्ड करून घे आधी. पुढची तारीख त्यावर लिहून देतील, ती चुकवायची नाही हं." आणि खिशातून पाकीट काढून उरलेले पैसे त्याच्या मुठीत ठेवले.